रिव्हॉल्वरच्या नळीत परत परत तांबेरा, नंतर फुगवटा: चूक कुठे होते आणि कंपनीकडून दुरुस्ती कशी करून घ्यायची

नळी चकाचक करून, तेल लावून रिव्हॉल्वर कपाटात ठेवलं आणि पंधरा दिवसांनी सहज म्हणून पांढरी चिंधी आतून फिरवली तर ती चहाच्या रंगाची होऊन बाहेर आली. परत साफ केलं, या वेळी तेल जरा जास्त लावलं, परत पंधरा दिवसांनी तेच. ज्यांच्याकडे लायसनचं वेपन आहे आणि जे कोकणात, घाटमाथ्याला किंवा मुंबईत समुद्राजवळ राहतात त्यातल्या बऱ्याच जणांची हीच तक्रार असते आणि जवळजवळ सगळे एकच उपाय करतात, अजून तेल. मीही तीन पावसाळे तेच केलं. त्यातून माझी नळी कायमची गेली, शेवटी कंपनीत बदलून घ्यावी लागली, आणि त्यात किती महिने गेले, किती चकरा झाल्या ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं वेपन म्हणजे आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतं तेच, .३२ बोअरचं सहा राउंडचं (म्हणजे सहा काडतुसांचं), वरून खटका दाबला की मधून मोडून पुढे झुकतं ते. रत्नागिरी जिल्ह्यात आमचा पंप आहे, रात्रीची कॅश घेऊन घरी जावं लागतं म्हणून लायसन. कंपनीचं नाव घेत नाही, गरजही नाही, कारण वेपनमध्ये दोष नव्हताच.

आधी कारण सांगतो. मी रिव्हॉल्वर चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालूनच कपाटात ठेवायचो. होल्स्टर छान जाड चामड्याचं, वडिलांच्या वेळचं. चामडं कमावताना त्यात क्षार आणि आम्ल वापरतात ते थोडंफार आत राहतंच, वर चामडं हवेतली ओल स्पंजासारखं शोषतं आणि ती धरून ठेवतं. म्हणजे मी लोखंडाला पोटभर तेल पाजून त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत होतो. एकदा जुलैत होल्स्टरच्या आत बोट घालून बघितलं तर आतलं अस्तर हाताला गार आणि किंचित चिकट लागलं, बुरशीचा वास आला, आणि नळीचं टोक जिथे टेकायचं तिथे चामड्यावर गंजाचं गोल वर्तुळ उमटलेलं, एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. ते वर्तुळ बघितलं तेव्हा सगळा उलगडा झाला. होल्स्टर फक्त बाहेर पडताना कंबरेला लावायचं, घरी आलं की वेपन त्यातून बाहेर, हे एवढं एक पाळलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

दुसरं म्हणजे निवडणुकीच्या वेळी वेपन पोलीस ठाण्यात जमा करणं. २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही एकाच वर्षात झाल्या, दोन वेळा आचारसंहिता लागली आणि ज्यांची नावं जमा यादीत होती त्यांची शस्त्रं दोन वेळा महिनोनमहिने बाहेर राहिली. सरसकट सगळ्यांनी जमा करायचं असं नसतं, छाननी समिती ठरवते, पण नोटीस आली की जमा करावंच लागतं. ठाण्यातल्या लोकांचा यात काही दोष नाही, आपण जसं बांधून देतो तसं ते राहतं. मी होल्स्टरसकट कॅरीबॅगमध्ये घालून दिलं होतं, म्हणजे ओल आत आणि वरून प्लास्टिक. आता जमा करायची वेळ आली तर नळी कोरडी करून, आत बाहेर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) कागदात गुंडाळून देतो. हा कागद म्हणजे नवीन बेअरिंग किंवा इंजिनचे पार्ट ज्या तपकिरी मेणकट कागदात येतात तो, स्पेअर पार्टच्या दुकानात विचारा, मिळतो. जमा पावतीवर नंबर बरोबर लिहिलाय ना ते तिथेच उभं राहून वाचायचं आणि वेपन परत मिळालं की त्याच दिवशी उघडून बघायचं, पुढच्या रविवारी नाही.

आता मुख्य मुद्दा, माझी नळी तांबेऱ्याने नाही गेली. ती तेलाने गेली.

झालं असं की गंज थांबेना म्हणून मी तेल वाढवत गेलो, नळीत, सिलिंडरच्या (राउंड भरायच्या फिरत्या भागाच्या) सहाही घरांत, आणि वर गंजावर मारायचा स्प्रेही. आणि सहा राउंड भरलेलं वेपन तसंच आठ-आठ महिने कपाटात. पातळ तेल हळूहळू झिरपतं, राउंडच्या बुडाला जी टोपी असते तिच्या कडेने आत शिरू शकतं, गोळी आणि केसच्या, म्हणजे पुंगळीच्या, सांध्यातूनही शिरू शकतं, आणि मग आतला मसाला किंवा टोपीतला बारूद मरतो. पूर्ण मेला तर बार उडतच नाही, ते परवडलं. अर्धा मेला तर घात. मी वर्षातून एकदा रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) जातो, त्या वर्षी तेच कपाटातले जुने राउंड आधी संपवावेत म्हणून घेऊन गेलो. पहिले दोन नीट उडाले. तिसऱ्याला 'फट्' असा फटाक्याच्या वातीसारखा आवाज आला, हाताला धक्का जवळजवळ नाहीच. मला वाटलं राउंड हलका असेल आणि लगेच पुढचा चाप ओढला. बाजूचा इन्स्ट्रक्टर थांबा म्हणून ओरडला तोवर चौथा उडून गेलेला होता.

तिसरी गोळी नळीत अर्ध्यावर अडकलेली होती आणि चौथी तिच्यावर जाऊन आदळली. दोन्ही बाहेर पडल्या, नळी फाटली नाही, माझी बोटं आहेत, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. पण नळीला आतून अंगठीसारखा फुगवटा आला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, बोट फिरवल्यावर जेमतेम जाणवायचं.

म्हणून हे नीट वाचा आणि घरात जो कोणी वेपन वापरतो त्यालाही सांगा. आवाज नेहमीपेक्षा कमी आला, धक्का कमी लागला किंवा टार्गेटवर भोक दिसलं नाही, तर हात तिथेच थांबवायचा. नळी समोर सुरक्षित दिशेलाच धरून अर्धा मिनिट थांबायचं, मग उघडून सगळे राउंड काढायचे आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. गोळी अडकली असेल तर घरी ठोकाठोकी करायची नाही, रिकामं वेपन जाणकाराकडे द्यायचं. कधी कधी अडकलेली गोळी अर्धी सिलिंडरमध्ये अर्धी नळीत असते आणि सिलिंडर फिरतच नाही, घोडा मागे येत नाही. तेव्हा जोर लावायचा मोह होतो, लावू नका.

फुगवटा कसा ओळखायचा? वेपन रिकामं करा, राउंड दुसऱ्या खोलीत ठेवा, सहाही घरं डोळ्यांनी बघा आणि वर बोटानेही चाचपा. मग मोडून उघडलेल्या स्थितीत एक घर अंगठ्याने नळीच्या रेषेत धरा, नळीच्या टोकाशी पांढरा कागद धरून त्यावर टॉर्च मारा आणि मागून त्या घरातून डोळा लावून बघा. आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) पिळदार आणि सलग चमकताना दिसले पाहिजेत. मध्येच काळपट सावलीचं कडं दिसलं आणि वेपन फिरवलं तरी ते कडं जागचं हललं नाही तर तो फुगवटा. खड्डे असतील तर मिरी सांडल्यासारखे काळे ठिपके विखुरलेले दिसतात. आणि शिसं बसलं असेल तर आट्यांच्या कडेला राखाडी, चमकदार पापुद्रे दिसतात, बहुतेक वेळा नळीच्या सुरुवातीलाच, सिलिंडरच्या तोंडाशी. या तीन गोष्टींत लोक सगळ्यात जास्त गोंधळ करतात. शिसं साफ होतं. खड्डे साफ होत नाहीत, पण बारीक असतील तर वेपन चालतं, फक्त घाण लवकर धरतं. फुगवटा असेल तर वेपन बंद ठेवायचं, त्यावर घरगुती उपाय नाही.

माझ्याकडे तेव्हा एक खूण परत परत दिसायची ती सांगतो, कारण अपघातानंतरही मला कळायला वेळ लागला. रेंजवरून आलं की शिसं दर वेळी नळीत त्याच एका जागी साठायचं. मी घासून काढायचो, पुढच्या वेळी परत तिथेच. एकाच जागी परत परत शिसं बसत असेल तर त्या जागेला काहीतरी झालंय, घासायचं थांबवा आणि तपासून घ्या.

शिसं काढायला फॉस्फर ब्रॉंझचा .३२ च्या मापाचा ब्रश आणि गन सॉल्व्हंट (नळी साफ करायचं द्रावण) बास होतं, सॉल्व्हंट लावून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं. जास्तच चिकटलं असेल तर जुन्या ब्रशला तांब्याच्या घासणीचे दोन-चार धागे गुंडाळून फिरवतात, पण बाजारात तांब्याची म्हणून मिळणाऱ्या घासण्या पुष्कळदा लोखंडाच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात, त्या आटे ओरबाडतात. दुकानात जाताना खिशात लोहचुंबक घेऊन जा, चिकटली तर ती घासणी घेऊ नका. आणि हे काम जेवायच्या टेबलावर किंवा स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये करू नका, शिसं विषारी आहे, घरात लहान मुलं असतात, काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि चिंध्या वेगळ्या पिशवीत बांधून टाका. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करून नळीत ओतायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यातून शिशाचा विषारी क्षार तयार होतो आणि बाहेरच्या ब्लूइंगचंही (पोलादावरच्या काळ्या थराचं) वाटोळं होतं.

रॉडबद्दल बोलायलाच हवं. आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून तीन तुकड्यांचा, आट्यांनी जोडायचा लोखंडी रॉड होता. त्याच्या प्रत्येक जोडावर बारीक कड असते आणि पुढच्या टोकाकडून रॉड आतबाहेर केला की ती कड नळीच्या तोंडाला दर वेळी घासते. गोळी नळी सोडताना शेवटची ज्या कडेला शिवते ती हीच, तिला क्राउन म्हणतात, ती एका बाजूने झिजली की गोळी तिरकी जायला लागते. तपासायचं असेल तर कान साफ करायची कापसाची काडी नळीच्या तोंडात घालून आतून बाहेर कडेवरून ओढा, सगळीकडून फिरवा, कुठे कापसाचा धागा अडकला तर तिथे कड उचललेली आहे. माझ्याकडे घड्याळात चार वाजतात त्या जागी अडकायचा. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरची सोय अशी की रॉड मागून, सिलिंडरच्या घरातून नळीत घालता येतो, मग टोकाकडून घालायचं कारणच उरत नाही. सिलिंडर बाजूला येणाऱ्या मॉडेलमध्ये टोकाकडूनच घालावा लागतो, तिथे एकसंध पितळी रॉड घ्या आणि तोंडाशी नायलॉनचं बुश (रॉड कडेला घासू न देणारी कडी) बसवा, कुठलाही लेथवाला दहा मिनिटांत करून देतो. फक्त बुश. लेथवाल्याकडे नळी न्यायची नाही, ते पुढे सांगतो. ब्रश नळीत अर्ध्यावर उलटा ओढायचा नाही, पूर्ण आरपार काढून मगच परत.

पॉलिश पेपर, ब्रासो, भांडी घासायची पावडर हे तर नळीच्या जवळपासही आणू नका. गंज जातो तसं वरचं काळं ब्लूइंगही जातं आणि उघडं पडलेलं पोलाद पहिल्यापेक्षा लवकर गंजतं. बाहेर हलका तांबेरा असेल तर तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी जाड सुती कापडाने पुसा, दोन-तीन वेळा केलं की बराचसा निघतो. खोबरेल तेल आमच्याकडे सर्रास लावतात, घरात असतंच. पण थंडीत ते थिजतं, जुनं झालं की डिंकासारखं होतं आणि घोड्याच्या खाचेत साठलं की टोला हलका पडतो. रॉकेलने घाण निघते पण ते उडून गेल्यावर संरक्षण काही राहत नाही. तो निळ्या-पिवळ्या डब्यातला स्प्रे पाणी हाकलायला चांगला आहे, पण तो मारून महिनोनमहिने ठेवायचं नाही, पुसून वर गन ऑइल लावायचंच.

आता माझी पद्धत साधी आहे. सॉल्व्हंट, ब्रश, चिंध्या पांढऱ्या येईपर्यंत. मग एका चिंधीवर तेलाचे दोन थेंब, ती एकदा आरपार, आणि तिच्यामागून एक कोरडी चिंधी. ही शेवटची कोरडी चिंधी मी कधीच फिरवत नव्हतो. पोलादावर राहतो तो पातळ थर गंज थांबवायला पुरतो, त्याच्यावरचं सगळं तेल ओघळून राउंडकडेच जातं. सिलिंडरची घरं तर पूर्ण कोरडी. शेवटी बाहेरून पुसताना उघड्या बोटांनी धातूला हात लावायचा नाही, घामाच्या मिठाने दोन दिवसांत बोटांचे ठसे गंजून उमटतात. राउंड वेगळ्या कोरड्या डबीत, खरेदीची तारीख लिहून, आणि जुने राउंड प्रॅक्टिसला संपवताना प्रत्येक बाराला कान आणि लक्ष द्यायचं.

पुराचं एक सांगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्या एका नातेवाइकांचं रिव्हॉल्वर कपाटासकट दोन दिवस पाण्यात होतं. त्यांनी काढल्या काढल्या त्यावर तेल ओतलं, त्यामुळे चिखल आतच बसला आणि गंजाने सिलिंडर जाम झाला. आधी राउंड काढायचे, मग स्वच्छ पाण्याने चिखल धुवायचा, मग पूर्ण वाळवायचं, मगच तेल. भिजलेले राउंड वापरायचे नाहीत आणि कचऱ्यातही टाकायचे नाहीत, त्यांचा हिशोब लायसनवर असतो, डीलरला किंवा ठाण्यात विचारून जमा करायचे.

आता दुरुस्ती. गावातल्या माणसाने मला सांगितलं, लेथवर नळीचं तोंड दोन मिलिमीटर कापून दे, नवीन कड काढतो. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्ती करणाऱ्याकडे स्वतःचं लायसन लागतं आणि कलम ६ प्रमाणे नळी आखूड करायलाही परवानगी लागते. कारागिराचा हात कितीही चांगला असो, कागद नसेल तर तो आणि तुम्ही दोघेही फौजदारीत. सुटी नळी आणून बसवतो म्हणणाऱ्यालाही नाहीच म्हणा, शस्त्राचे भागसुद्धा कायद्याने शस्त्रच धरले जातात.

कंपनीला लिहायच्या आधी पत्ता बघा. सरकारी कारखान्याचं वेपन असेल तर जुन्या बॉक्सवर आणि पुस्तिकेत ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड छापलेलं असतं, तो बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला बंद होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. कानपूरचे शस्त्र कारखाने अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाकडे गेले आणि आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे. वेपनची तक्रार एकीकडे आणि राउंडची तक्रार दुसरीकडे. जुन्या पत्त्यावर पत्र पाठवून वाट बघत बसू नका. पत्रात मॉडेल, नंबर, खरेदीची तारीख, बिलाची आणि लायसनची झेरॉक्स, साधारण किती राउंड उडवलेत, आणि काय झालं ते खरं खरं लिहा. मी आधी 'आपोआप फुगली' असं लिहिणार होतो, मग सरळ लिहिलं की अडकलेल्या गोळीवर दुसरी उडाली. त्यांना आत बघितल्यावर कळतंच, आणि खरं लिहिलं की उलटसुलट पत्रं वाचतात. फोटोत टॉर्चच्या उजेडातलं ते कडं दिसेल असा एक फोटो जरूर द्या. आणि सोबत एक विचारा, सिलिंडर आणि नळीमधली फटही तपासा म्हणून. ती साधारण ०.१ ते ०.२ मिमी असावी लागते, टॅपेट सेटिंगच्या फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) रिकाम्या वेपनवर आपणही बघू शकतो, माझी एका बाजूने जास्त निघाली होती.

कुरिअरने पाठवायचा विचार करू नका. एक तर स्वतः घेऊन जा नाहीतर दुरुस्तीचं किंवा विक्रीचं लायसन असलेल्या डीलरमार्फत पाठवा. कलम ३ च्या परंतुकानुसार दुरुस्तीसाठी लायसनधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस वेपन नेऊ शकतो, पण माझा सल्ला, शक्यतो स्वतः जा. लायसनवर क्षेत्र फक्त महाराष्ट्र असेल तर राज्याबाहेर पाऊल टाकायच्या आधी कलेक्टर ऑफिसच्या गृह शाखेत किंवा कमिशनरेटमध्ये अर्ज देऊन परवानगी घ्या. माझे यातच पाच आठवडे गेले, कारण मी कंपनीचं 'घेऊन या' असं पत्र जोडलं नव्हतं. पत्र जोडल्यावर काम हललं. म्हणजे आधी कंपनीचं उत्तर, मग परवानगी, मग तिकीट, याच क्रमाने.

वेपन तिथे ठेवलं की नंबरसकट पावती घ्या आणि आपल्या ठाण्यात तिची एक प्रत द्या. परत घेताना नवीन नळीची प्रूफ टेस्ट (जादा दाबाचा राउंड उडवून घेतलेली चाचणी) झाली का ते विचारा आणि तो छाप स्वतः बघा. नळीवर नंबर असतो अशा मॉडेलमध्ये नळी बदलली की नंबर तोच टाकलाय की नवा, हे तिथेच लेखी घ्या, कारण लायसनवरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळला नाही तर नूतनीकरणाला उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

माझं परत येऊन आता दोन पावसाळे झाले. वेपन लोखंडी कपाटात, भिंतीपासून चार बोटं लांब, कोरड्या सुती पिशवीत, शेजारी सिलिका जेलची डबी. तिचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळे करतो. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी एक कोरडी चिंधी फिरवतो आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर तारीख आणि चिंधीचा रंग लिहितो. गेल्या पावसाळ्यातल्या आठ नोंदींपैकी सात 'पांढरी' आहेत आणि एक 'किंचित पिवळी', ती गणपतीतली, पंधरा दिवस घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि मी डबी गरम करायची विसरलो होतो.